खो मिळाल्याशिवाय

“रुग्णेस स्वतःची किंवा परिसराची कोणतीही जाणीव शिल्लक नाही. मेंदूच्या चुंबकीय चित्रणाने हे निर्विवादपणे सिद्ध झाले आहे.”

वैद्यकीय मंडळाच्या अहवालातली ही दोन वाक्ये. रुग्णा म्हणजे माझी धाकटी बहीण कांचन. मी तेव्हा पुण्यात न्यायदर्शन शिकवीत असे. म्हणजे कोर्टातला न्याय नव्हे, तर ज्ञान खरे केव्हा मानावे याचे जुने शास्त्र. त्या शास्त्राच्या पहिल्या वर्षातल्या विद्यार्थ्यानेही वाद होण्यापूर्वी ‘निर्विवाद’ हा शब्द वापरला नसता. पण मंडळाचे अध्यक्ष डॉ. दफ्तरदार विद्यार्थी नव्हते. ते मेंदूविकार विभागाचे प्रमुख होते, आणि त्यांच्या खोलीच्या भिंतीवर पदव्या इतक्या दाटीने टांगल्या होत्या, की भिंतीचा रंग कोणाला तरी विचारून घ्यावा लागला असता.

“वाचलंत, मॅडम?” ते म्हणाले.

“वाचलं. दुसऱ्या वाक्याबद्दल विचारायचं आहे. चित्रणात काय दिसलं, म्हणून हे सिद्ध झालं?”

“काहीही दिसलं नाही. म्हणूनच सिद्ध झालं.”

“मावशी, प्लीज,” माझ्या शेजारी बसलेला निनाद पुटपुटला. निनाद हा कांचनचा मुलगा. आईच्या स्कूटरला ट्रकची धडक बसल्यापासून तो नीट झोपला नव्हता. कांचन कोमातून बाहेर आली होती. म्हणजे डोळे उघडत होती, मिटत होती, स्वतःचा श्वास स्वतः घेत होती. पण हाक मारली तर मान वळत नव्हती आणि हात दाब म्हटले तर बोट हलत नव्हते. आता तिच्या छातीत कफ साठून ताप चढू लागला होता. अहवालासोबत निनादपुढे एक संमतीपत्र ठेवले होते: यापुढे संसर्गावर औषध देऊ नये. त्याने त्यावर सही केली, की तो ताप कांचनला घेऊन जाणार होता. सही सोमवारी व्हायची होती.

“तुमच्या भावना मी समजू शकतो,” डॉक्टर म्हणाले.

“या भावना नाहीत. जमिनीवर घागर नाही, हे मी पाहून सांगू शकते, कारण असती तर दिसली असती. पण काळोखात घागर दिसली नाही, तर ती नाही असं म्हणता येत नाही. मी एवढंच विचारते, की दिवा लावला होता का? तिला काय करायला सांगितलंत?”

ते खुलले. सांगण्यासारखे काही असले, की माणसे खुलतात.

“टेनिस खेळत आहात अशी कल्पना करा, असं सांगायचं. जाणीव असलेला माणूस अंग न हलवताही तशी कल्पना करू शकतो, आणि हालचालींची आखणी करणारा मेंदूचा भाग कामाला लागतो. तो चित्रात उजळतो. परदेशात एका स्त्रीच्या बाबतीत असंच झालं. सगळे तिला संपलेली समजत होते, आणि ती आतल्या आत टेनिस खेळत होती. जगभर गाजलेला प्रयोग आहे. तुमच्या बहिणीच्या बाबतीत तो भाग उजळला नाही.”

“टेनिस,” मी म्हणाले.

“हो. मी स्वतः रोज सकाळी खेळतो. कल्पना करायला फार सोपा खेळ.”

“आणि सूचना कोणत्या भाषेत दिल्या?”

“मूळ ध्वनिफीत इंग्रजी आहे. त्यात फेरफार केले, की इतरांच्या निष्कर्षांशी तुलना करता येत नाही.”

माझी बहीण टेनिसच्या मैदानाजवळ कधी गेलीच असेल, तर कुंपणाबाहेर पडलेला चेंडू आत फेकायला. ती खो-खो खेळली. इस्लामपूरच्या एका शाळेच्या आवारात सुरुवात करून ती राज्याच्या संघाची कर्णधार झाली, आणि नंतर जिल्हा परिषदेच्या शाळेत मुलींच्या तुकड्यांमागून तुकड्या घडवत राहिली. इंग्रजीतले ‘फाउल’ आणि ‘आउट’ हे दोन शब्द ती अधिकाराने वापरत असे. बाकीची भाषा तिने मला आंदण दिली होती.

“उद्या मी तुम्हाला सांगितलं, की आट्यापाट्या खेळत आहात अशी कल्पना करा, आणि तेही संस्कृतात सांगितलं, तर तुमचं काय उजळेल, डॉक्टर?”

“मॅडम, जाणीव असलेला माणूस काहीतरी प्रयत्न करतोच.”

“म्हणजे तुमच्या परीक्षेत जो नापास झाला, तो मेला.”

निनादने माझा हात दाबला. मला वाटले, तो पुन्हा मला आवरणार. पण तो डॉक्टरांकडे पाहत होता.

“सर, आईला टेनिस येत नाही,” तो म्हणाला. “हे तुम्ही मला विचारलं असतं, तर मी सांगितलं असतं.”

डॉ. दफ्तरदारांनी घड्याळाकडे पाहिले. मग उदारपणे म्हणाले, “ठीक आहे. शनिवारी दुपारी यंत्र मोकळं असतं. तिचा जो कोणता खेळ असेल, त्याची कल्पना करायला सांगू. मराठीत सांगू. पण एकदाच. त्यानंतर हा विषय बंद.”

उदार होणे त्यांना परवडत होते. निष्कर्ष त्यांच्यापाशी तयार होता.

शनिवारी मंदाकिनी लोखंडे आली. ती कांचनच्या संघातली. पुढे पोलिसांत गेली आणि उपनिरीक्षक होऊन निवृत्त झाली. तिचा आवाज मात्र निवृत्त झाला नव्हता. वॉर्डात शिरल्या शिरल्या ती माझ्याशी नव्हे, कांचनशीच बोलू लागली.

“काय गं कांचे, किती लोळायचं? तिकडं तुझ्या पोरी जिल्ह्याला हरल्या. खांबावर एकीची झेप नाही. चिखलात म्हशी बसाव्यात तशा बसल्यावत्या.”

“आजी, त्यांना काही कळत नाही,” परिचारिका म्हणाली.

“आजी कुणाला म्हणतीस? आणि मी काय तुझ्याकडं उत्तर मागितलंय?”

कांचनचे डोळे छताकडे लागलेले होते. कपाळ तापले होते. मी तिच्या नाकातली चमकी आणि पायांतली जोडवी काढली. खालच्या मजल्यावरून तशी सूचना आली होती.

खाली डॉ. रेश्मा मुजावर वाट पाहत होत्या. चित्रण विभागात नुकत्याच रुजू झालेल्या, बोलण्यात नेमक्या. मंदाच्या गळ्यातली शिट्टी पाहताच त्या दारात आडव्या झाल्या.

“ही पोलादी आहे का?”

“मग काय चांदीची असती? ह्या शिट्टीनं मी निम्मा सांगली जिल्हा थांबवलाय.”

“ती बाहेर ठेवा. आतलं चुंबक कधीच बंद नसतं. शिट्टी तुमच्या गळ्यातून सुटून गोळीसारखी जाईल, आणि मध्ये रुग्ण असेल.”

मंदाने शिट्टी काढली आणि निनादच्या हाती अशी दिली, जशी सासरी निघालेली लेक जावयाच्या हाती देतात.

कांचनला सरकत्या फळीवर घेऊन यंत्राच्या बोगद्यात नेण्यात आले. आम्ही काचेच्या अलीकडच्या खोलीत बसलो. तयारी चालू असताना मी डॉ. मुजावरांना विचारले, “हे यंत्र नेमकं पाहतं काय?”

“पाणी,” त्या म्हणाल्या. “मेंदूत बहुतेक पाणीच असतं. पाण्यातल्या हायड्रोजनच्या प्रत्येक अणूचा गाभा म्हणजे इवलंसं चुंबक. एरवी ती वाटेल तिकडे तोंड करून असतात. या मोठ्या चुंबकात आली, की एका दिशेला झुकतात. सगळी नाही, पण आम्हाला पुरेशी. मग आम्ही रेडिओलहरींचा धक्का देतो. ती कलंडतात. धक्का थांबला की सावरतात, आणि सावरताना स्वतःच एक क्षीण लहर सोडतात. गाठीतलं पाणी, सुजेतलं पाणी, रक्तपुरवठा तुटलेल्या भागातलं पाणी, प्रत्येकाची सावरण्याची गती वेगळी. त्या फरकातून चित्र तयार होतं. क्ष-किरण नाहीत, कापाकापी नाही. गाठ कुठे आहे, पक्षाघात कुठे झाला, शस्त्रक्रियेत कोणता भाग वाचवायला हवा, हे कवटी न उघडता कळतं.”

“आणि विचार? तो कसा दिसतो?”

“तो दिसतच नाही, मॅडम. मेंदूचा जो भाग काम करतो, त्याच्याकडे ताजं रक्त धावतं. प्राणवायू भरलेलं रक्त आणि प्राणवायू देऊन झालेलं रक्त चुंबकात वेगवेगळं वागतं. आम्ही कामाच्या वेळची चित्रं घेतो, विश्रांतीच्या वेळची घेतो, वजाबाकी करतो आणि फरक रंगवतो. तो रंग मेंदूत नसतो. आमच्या संगणकात असतो.”

“म्हणजे तुम्हाला अग्नी दिसत नाही. धूर दिसतो.”

“अगदी बरोबर.”

“आमच्या शास्त्रात तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा हा फार जुना साक्षीदार आहे. त्याच्यात अग्नी असतो आणि धूर नसतो.”

त्या हसल्या. “हे तुम्ही सरांना सांगायला हवं.”

“सांगत होते. त्यांनी त्याला भावना म्हटलं.”

तेवढ्यात डॉ. दफ्तरदार आत आले आणि आमच्या मागे उभे राहिले. डॉ. मुजावरांनी ध्वनिक्षेपक ओढला.

“कांचनताई, आता तुम्ही खो-खो खेळत आहात अशी कल्पना करा. थांबा म्हटलं, की विश्रांती घ्या.”

यंत्र घणाचे घाव घालू लागले. काही वेळ खेळ, काही वेळ विश्रांती, पुन्हा खेळ. संगणकाची वजाबाकी झाली. पडद्यावर मेंदूचा करडा छेद आला. त्याच्या माथ्याशी, जिथे पाहायला आम्ही सगळे पुढे झुकलो होतो, तिथे काहीही नव्हते.

“तर मग,” डॉ. दफ्तरदार म्हणाले. आवाजात विजय नव्हता. त्याची त्यांना गरजही वाटली नव्हती.

निनाद खुर्चीत मागे रेलला. “मावशी, मी सही करतो. आणखी किती तपासायचं तिला?”

त्या क्षणी माझ्यापाशी एकही युक्तिवाद नव्हता, हे मी नोंदवून ठेवते. माझ्यापाशी होते ते फक्त लहानपणचे एक मैदान. संघात मुलगी कमी पडली, की कांचन माझ्या हातातले पुस्तक काढून घेई आणि मला मैदानात नेऊन बसवी. पळणारी मुलगी माझ्या नाकासमोरून गेली, की मी उठून धावे, आणि कांचन खेळ थांबवून माझ्यावर कडाडे: अक्का, खो मिळाल्याशिवाय उठायचं नाही! ती अंगावरून गेली तरी नाही!

“डॉक्टर,” मी मुजावरांना म्हणाले, “तुम्ही तिला कुठे बसवलंत?”

“बसवलं?”

“मैदानावर. पाठलाग करणाऱ्या संघात नऊ जणी असतात. धावते एकटी. आठ जणी ओळीत बसलेल्या असतात. त्या आठ जणींनी काय करायचं असतं?”

“काय?”

“गप बसायचं असतं!” मंदाने कपाळावर हात मारला. “अगं बाई! मागनं पाठीवर थाप पडून खो आल्याशिवाय बूड उचललं तर फाउल! आणि कांचीनं जन्मात फाउल केला नाही.”

“खेळा म्हटल्यावर ती बसली आहे,” मी म्हणाले. “तुम्ही जिला अनुपस्थिती समजता आहात, ती शिस्तही असू शकते. दोन्हींतलं काय, हे अजून कोणी विचारलेलं नाही.”

“एकदाच, असं ठरलं होतं,” डॉ. दफ्तरदार म्हणाले.

“सर, रुग्ण यंत्रातच आहे,” डॉ. मुजावर म्हणाल्या. त्यांनी मान वर केली नाही. “मी आणखी एक फेरी घेते.” आणि त्यांनी ध्वनिक्षेपक मंदाकडे सरकवला. “फार ओरडू नका. त्यांच्या कानांवर हेडफोन आहेत.”

“न ओरडता दिलेला खो हा खो नसतो, डॉक्टरीणबाई.” मंदाने घसा खाकरला. पण बोलली, ती मला अनोळखी वाटावी इतक्या हळू आवाजात. “कांचे, मी मंदा. तू चौथ्या चौकोनात बसलीयस. मी मागनं येतीय. समोरची डाव्या अंगानं खांबाकडं निघालीय, लांब टांगांची ती. खो आला की सोडू नको तिला. थांब म्हटलं की बसायचं. ऐकलंस?” आणि मग ती खोली हादरवणारा तो शब्द: “खो!”

फेरी संपली. वजाबाकी सुरू झाली. पडद्यावर करडा छेद आला, आणि त्याच्या माथ्याशी, मधोमध, एक नारिंगी ठिणगी पेटलेली होती.

मंदाच्या तोंडून कसलातरी आवाज निघाला आणि तिने पदर तोंडाशी नेला.

“कानावर आरोळी पडली, तर काहीही उजळू शकतं,” डॉ. दफ्तरदार म्हणाले.

इतक्या दिवसांत त्यांनी घेतलेला हा पहिला शास्त्रीय आक्षेप होता, आणि तो रास्त होता. मी तसे त्यांना सांगितले. “मग आरोळी तीच ठेवू आणि खेळ काढून घेऊ. मंदा, तिला बाकावर बसव.”

मंदाला समजावून सांगावे लागले नाही. “कांचे, तू बाहेर ये. टावेल घे, पाणी पी. तुला खेळायचं नाही. मी दुसरीला खो देतीय. तू नुसतं ऐक.” आणि पुन्हा तीच आरोळी, तितकीच मोठी.

या वेळी दोन्ही कानांच्या वरचे, ऐकण्याचे भाग लख्ख उजळले. माथ्याशी काही नव्हते.

“आता आत ये, कांचे. बस तुझ्या जागेवर. खो!”

माथ्याशी ठिणगी.

मी पुष्कळ शास्त्रार्थ पाहिले आहेत. दोन-चार जिंकलेही आहेत. पण बोट हलवता येत नसताना, ताप अंगात असताना, अरुंद बोगद्यात एकटी पडलेली बाई आत म्हटल्यावर आत येते, बाहेर म्हटल्यावर बाहेर जाते आणि एकदाही चुकत नाही, इतके स्वच्छ उत्तर मी कोणत्याही सभेत ऐकलेले नाही. मंडळाच्या अहवालाला माझ्या बहिणीने नियम पाळून खोटे ठरवले होते. माझी मान इतकी ताठ झाली, की नंतर दोन दिवस दुखत होती.

डॉ. मुजावर म्हणाल्या, “आता प्रश्नही विचारता येतील. हो असेल तर खेळायचं. नाही असेल तर बाकावर बसायचं. आधी उत्तर माहीत असलेला एखादा प्रश्न विचारा.”

मंदा कोणाला बोलू देणार? तिने कांचनला हा नियम सांगितला आणि लगेच विचारले, “कांचे, औरंगाबादच्या फायनलला मी फाउल केलावता का?”

वजाबाकी झाली. ठिणगी पेटली.

“खोटारडी!” मंदा रडता रडता ओरडली. “पंचांनी चुकीचं दिलंवतं ते!”

निनाद खुर्चीतून उठून पुढे आला. ध्वनिक्षेपकाजवळ वाकला.

“आई,” तो म्हणाला, “मी निनाद. तुला ताप आहे. औषध चालू ठेवू?”

मी पडद्याकडे पाहिले नाही. त्याच्या चेहऱ्याकडे पाहत राहिले. उत्तर मला तिथेच दिसले.

फळी बाहेर सरकू लागली, तेव्हा माझे लक्ष मघाच्या चित्राकडे गेले. बाकावर बसलेल्या कांचनचे ऐकण्याचे भाग त्यात लखलखत होते.

“डॉक्टर मुजावर, तुमच्या यंत्रात टेनिसचंही चित्रण झालं होतं. त्यातही हे भाग असेच उजळले होते का?”

त्यांनी डॉ. दफ्तरदारांकडे पाहिले. “ती चित्रं सरांनीच वाचली होती.”

“सुधारित अहवाल मी सोमवारी देतो,” डॉ. दफ्तरदार म्हणाले.

“तुमचं गद्य मी एकदा वाचलं आहे. पुन्हा हौस नाही. तुमच्या लेखी ती नव्हती, तेव्हा तिच्या खाटेशी उभं राहून तुम्ही विद्यार्थ्यांपुढे पुष्कळ बोललात. ते तिने ऐकलं आहे. आता जे काय सांगायचं ते तिला सांगा.”

ताप आठवड्याने उतरला. कांचन पुढे पुष्कळ वर्षे जगली; उठली नाही, पण पापण्यांनी बोलायला शिकली, आणि त्या पापण्यांनी मला दटावायलाही शिकली. तिच्या पोरी सामना जिंकल्या, की करंडक आधी तिच्या खाटेवर येई आणि मग शाळेत जाई. त्या रुग्णालयात आता चित्रणाआधी नातेवाइकांना विचारतात, की यांना मनापासून काय येत असे. कोणी भाकरी थापते, कोणी ढोलकी वाजवते. हा नियम डॉ. मुजावरांनी घालून दिला.

डॉ. दफ्तरदार मात्र आले, हे मला मान्य केले पाहिजे. त्या शनिवारच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी, विद्यार्थ्यांचा ताफा न घेता. त्यांनी स्टूल ओढले, कांचनच्या उजव्या कानाशी वाकले आणि बोलले. मी खाटेच्या पायथ्याशी उभी होते. त्यांचे शब्द जसेच्या तसे देते:

“कांचनताई, मी डॉक्टर दफ्तरदार. पहिल्या चित्रणात तुम्हाला ऐकू येत असल्याची खूण होती. मी ती पाहिली होती. ती लिहिली असती, तर तुम्हाला कोणता खेळ येतो, कोणती भाषा समजते, हे विचारत बसावं लागलं असतं. मी विचारलं नाही, कारण चित्रण होण्याआधीच माझा निष्कर्ष लिहून झाला होता. तुम्ही नाही आहात, असं यंत्राने कधीच सांगितलं नव्हतं. ते मी सांगितलं होतं.”